आहे ते जाता कामा नये

गाडीच्या टेपबद्दल अण्णांची पहिली तक्रार आली ती खंबाटकी घाटात. आम्ही वाईला मामाकडे निघालो होतो. अण्णा गाडी चालवत होते, मी शेजारी, आई मागे डब्यांची राखण करत. पु. लं.चं 'असा मी असामी' चालू होतं. लांबच्या प्रवासाला आमच्याकडे पु. ल. लागतातच. एका वळणावर अण्णा म्हणाले, "हा टेप बिघडलाय. आवाज येतो, शब्द येत नाहीत."

मी आवाज वाढवला. मागून आई ओरडली, "अगं कान फुटतील." अण्णाही वैतागले. "आवाज नको वाढवूस गं. शब्द कळत नाहीत म्हणतोय मी."

अण्णा गाडीतल्या स्टिरिओला टेप म्हणतात. त्यात कॅसेट जात नाही, सीडी जात नाही, सात इंची टचस्क्रीन आहे, तरी तो टेपच. गाडी २०१९च्या दिवाळीतली, अण्णा रिटायर झाले त्या वर्षीची. पांढरी हॅचबॅक. मॉडेल सांगत नाही, कारण पुढे तिच्या स्पीकरांबद्दल बरंवाईट बोलायचं आहे. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तशा चार तरी असतील.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर लोकांच्या तक्रारी वाचते. आमच्या कामातला पहिल्या आठवड्यात शिकवला जाणारा नियम असा की, वापरणारा माणूस त्याला काय दिसलं ते सांगतो. ते का झालं हे त्याला विचारायचं नसतं, आपण शोधायचं असतं. ऑफिसात मी हा नियम पाळते. घरी अण्णा 'टेप बिघडलाय' म्हणाले आणि मी त्याच रात्री मामाच्या गच्चीवर बसून स्पीकरच्या किमती बघायला लागले.

तसं मला वाटायला कारणही होतं. कंपनीतून येणारा स्टिरिओ हा गाडीतला सगळ्यात काटकसरीचा भाग असतो. माहितीपुस्तकात '५० वॉट गुणिले ४' असं ऐटीत लिहिलेलं असतं. आता गणित करा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात, स्पीकर असतो ४ ओहमचा. वेगळा पॉवर सप्लाय न घालता त्यातून विकृती न येता निघू शकणारी ताकद फार तर २५-२६ वॉट, प्रत्यक्षात त्याहून कमी. (ई अँड टीसीची चार वर्षं शिकून नोकरी लागल्यावर उपयोगी पडलेलं हे माझं एकमेव गणित.) पुढे स्पीकर कागदी, त्याचं चुंबक रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. तो फाटू नये म्हणून बरेचसे स्टिरिओ आवाज वाढवला की खर्ज आपोआप कमी करतात. म्हणजे आवाज वाढवला की गाणं मोठं होण्याऐवजी किरटं होतं. वरून दरवाजा म्हणजे पोकळ पत्र्याचा डबा. तो स्वतःच वाजत असतो.

एवढं सगळं वाचल्यावर 'शब्द येत नाहीत' याचा अर्थ मला लख्ख कळला, असं मला वाटलं. रविवारी सकाळी चहा घेताना मी अण्णांना म्हटलं, "आपण नवीन बसवू." अण्णांनी पेपर खाली ठेवला. "बसव. पण एक सांगून ठेवतो. आहे ते जाता कामा नये."

आहे ते म्हणजे काय काय, याची मी फोनमध्ये यादी केली. स्टिअरिंगवरची बटणं: आवाज कमी-जास्त, फोन उचलायचं, फोन ठेवायचं. रिव्हर्स टाकला की दिसणारा मागचा कॅमेरा. पार्किंग सेन्सरचा बीप. छतातला फोनचा माइक. रेडिओ, त्यावर विविध भारती १०१ला लावलेली. सॉफ्टवेअरमध्ये नवं काही घालताना जुनं चालणारं मोडलं की त्याला रिग्रेशन म्हणतात, आणि त्यावरून शिव्या बसतात. यादीतल्या पार्किंगच्या बीपपुढे मी दोन चांदण्या काढल्या, कारण त्याआधीच्या वर्षभरात अण्णांनी मागचा बंपर दोनदा ठोकला होता. एकदा सोसायटीच्या खांबाला, एकदा आमच्याच गेटला. 'सेन्सर असून ठोकतात कसे,' म्हणून आईने आणि मी त्यांना भरपूर ऐकवलं होतं. बीपशिवाय काय होईल याची कल्पना करवेना.

नाना पेठेतल्या दुकानात अण्णांना घेऊन गेले. दुकानदाराने गाडीत डोकावून पाच सेकंदांत निदान केलं. "सर, अँड्रॉइड टाकून देतो. नऊ इंची. यूट्यूब, मॅप, सगळं. कपलर टू कपलर बसेल, एक वायर कापणार नाय." प्रश्न मी विचारत होते, तो उत्तर अण्णांना देत होता. मुलीबरोबर गाडीच्या दुकानात गेलेल्या प्रत्येक बापाला हा मान मिळतो. अण्णा मान डोलावत होते. मी विचारलं, "पार्किंगचा बीप राहील का?" तो अण्णांना म्हणाला, "सर, बीपचं काय एवढं? बाहेरून बझर लावून देतो, दीडशे रुपयांत." अण्णांनी डोलावली. "स्टिअरिंगची बटणं?" "चालतील ना सर, नाय चालली तर रिमोट देतो." त्यालाही अण्णांनी मान डोलावली. मला राग आला. एवढं 'आहे ते जाता कामा नये' म्हणून बजावलं आणि इथे हो ला हो. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही त्याला हो का म्हणत होता?" अण्णा म्हणाले, "चांगला माणूस वाटला."

घरी येऊन मी खोलात शिरले. त्यात तीन आठवडे गेले, आणि खरं सांगते, फार मजा आली.

स्टिअरिंगवरच्या बटणांचं काम दोन प्रकारे चालतं. साध्या गाड्यांमध्ये प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर असतो. सगळी बटणं मिळून एक-दोनच वायरी स्टिअरिंगमधून, क्लॉक स्प्रिंग नावाच्या गुंडाळलेल्या चपट्या पट्टीतून, खाली स्टिरिओपर्यंत येतात. बटण दाबलं की वायरीवरचा व्होल्टेज बदलतो, आणि तो किती झाला यावरून स्टिरिओ ओळखतो की हे 'आवाज वाढव' आहे की 'फोन उचल'. बाहेरच्या स्टिरिओंना यासाठी 'की वन', 'की टू' अशा वायरी असतात. त्या जोडून एकेक बटण दाबून त्याला शिकवायचं. आमच्या गाडीत हाच प्रकार निघाला. डॅशचं पॅनल काढून कपलरवर मल्टिमीटर लावून बघितलं, प्रत्येक बटणाला आकडा वेगळा येत होता. (स्टिअरिंग स्वतः उघडायच्या फंदात पडू नका. आत एअरबॅग असते. पिवळं आवरण दिसलं की हात मागे.)

दुसरा प्रकार कॅन बसचा. बॉश कंपनीने १९८६मध्ये जगापुढे मांडलेली ही पद्धत. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी, आणि गाडीतले सगळे छोटे कॉम्प्युटर त्याच दोन वायरींवर बोलतात. गंमत म्हणजे संदेशावर पाठवणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं नाव नसतं, फक्त विषयाचा क्रमांक असतो. ज्याला तो विषय कामाचा, तो ऐकतो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपसारखं, फक्त शिस्तीत. पण कोणत्या क्रमांकाचा अर्थ काय हे गाडीची कंपनी छापून देत नाही. म्हणून बाहेरच्या स्टिरिओबरोबर त्या त्या मॉडेलचा डीकोडर डबा घ्यावा लागतो, आणि तो डबा कुणीतरी अंदाजाने उलगडून बनवलेला असतो. म्हणून मग बटणं चालतात, पण घड्याळ चुकतं. कॅमेरा दिसतो, पण स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या त्या पिवळ्या रेषा गायब होतात.

बीप मात्र वेगळ्याच वाटेने गेला. १ जुलै २०१९पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. काही गाड्यांत त्यांचा वेगळा बझर असतो, डिकीत किंवा मीटरमागे. आमच्या गाडीत तो बीप स्टिरिओच तयार करून मागच्या स्पीकरांतून वाजवतो. स्टिरिओ काढला की बीप गेला. बाहेरून लावलेला दीडशे रुपयांचा बझर हा दुसऱ्याच सेन्सरांचा असतो, त्यासाठी बंपरला नवी भोकं पाडावी लागली असती.

म्हणून ठरवलं, टेप काढायचाच नाही.

हा उपाय महाग, पण मला तो आवडला. कंपनीचा स्टिरिओ जिथल्या तिथे. त्याच्या मागच्या कपलरमध्ये आणि गाडीच्या वायरिंगमध्ये एक टी आकाराचा हार्नेस घालायचा. एक टोक स्टिरिओत, एक गाडीत, आणि तिसरं सीटखाली ठेवलेल्या डीएसपी अँपमध्ये. स्पीकरकडे निघालेला आवाज मध्येच अडवून अँपमध्ये न्यायचा, तिथे दुरुस्त करायचा, ताकद द्यायची आणि पुन्हा स्पीकरांकडे सोडायचा. एकही वायर कापायची नाही, म्हणजे वॉरंटी शिल्लक असलेल्यांचीही शोरूमशी भांडणं होत नाहीत. गाडी विकताना हार्नेस काढला की गाडी जशीच्या तशी. स्टिरिओला मागे काय झालंय हे कळतही नाही. काही स्टिरिओंना कळतं: ते स्पीकर जोडलाय का हे तपासत असतात, आणि स्पीकरचा भार दिसला नाही तर रुसून गप्प बसतात. त्यांच्यासाठी हार्नेसमध्ये रेझिस्टर टाकून स्पीकर असल्याचा भास करून द्यावा लागतो.

चिंचवडमध्ये स्वतंत्रपणे काम करणारा एक मुलगा मिळाला. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा, आणि जे बोलायचा ते माझ्याशी बोलायचा. रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या पार्किंगमध्ये त्याने दरवाजाचं पॅड काढलं. अण्णा तिथेच खुर्ची टाकून बसले.

अण्णा एकतीस वर्षं भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये होते. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनायचे तिथे. उघड्या दरवाजावर त्यांनी बोटाचं पेर आपटून बघितलं आणि म्हणाले, "पॉइंट सातचा पत्रा." मुलाने आतून ब्युटाइलची डॅम्पिंग शीट लावायला घेतली. एका बाजूला डांबरासारखं चिकट रबर, वरून ॲल्युमिनियमचा कागद. रोलरने दाबून बसवायची, हवा राहता कामा नये. अण्णांनी त्याच्या हातातून रोलर घेतला. चारही दरवाजे त्यांनी केले. त्यांची ती एकाग्रता मी खूप दिवसांनी बघत होते. एरवी घरात ते टीव्हीसमोर बसतात आणि आपल्याच तंद्रीत असतात. सात वाजता निघायचं म्हटलं की आठला तयार होतात. आई म्हणते, रिटायर झाल्यापासून लक्षच नसतं कशात.

शीट लावल्यावर दरवाजा लावला, तर 'ठण्ण'ऐवजी 'थप्' आवाज आला. नुसत्या त्या आवाजासाठी पैसे वसूल.

बॅटरीपासून अँपपर्यंत जाड वायर आली. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज बसला, तो तिथेच हवा, कारण वायर कुठेही घासून पत्र्याला टेकली तर फ्यूजच्या आधीचा तुकडा पेटू शकतो. संध्याकाळी चारला सगळं जोडून झालं. मुलाने गाडी चालू केली, गाणं लावलं. आवाज सुंदर होता, पण मागे एक बारीक शिट्टी होती. ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढायचा. मला ऐकू येत होती, त्याला येत होती, वरच्या मजल्यावरून खाली आलेल्या आईला येत होती.

"अल्टरनेटरची व्हिसल आहे," मुलगा म्हणाला. "अर्थ नीट नाय."

अण्णा म्हणाले, "कसली शिट्टी?"

"ही काय अण्णा. आता वाढली बघा."

त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, मग ऐकणं सोडून देऊन टॉर्च घेतला आणि सीटखाली वाकले. अँपची अर्थची वायर जिथे बॉडीला बोल्टने आवळली होती तिथे बोट फिरवून म्हणाले, "रंगावर आवळलंय हे. पत्रा लागलाच नाही." बोल्ट काढला, पॉलिश पेपरने रंग घासून चकचकीत पत्रा काढला, पुन्हा आवळलं. शिट्टी बंद.

अण्णांनी सीटखालून विचारलं, "गेली का?"

मी म्हटलं, "गेली." मला त्यांचा इतका अभिमान वाटत होता की त्यांनी विचारलं का, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर उरलं ट्यूनिंग. ते मी स्वतः करणार होते, त्यासाठीच तर एवढा घाट. गाडीत चालवणारा मध्यभागी बसत नाही. उजवा स्पीकर त्याच्या गुडघ्याशी, डावा त्यापासून मीटरभर लांब. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. म्हणून डीएसपीमध्ये उजव्या स्पीकरला तेवढा उशीर द्यायचा, म्हणजे दोन्ही आवाज एकदम पोचतात आणि गायक गुडघ्यावरून उठून काचेसमोर येऊन बसतो. मग एकेक फ्रीक्वेन्सी वाजवून बघायची: कुठे दरवाजा थरथरतो, कुठे आवाज टोचतो, कुठे खड्डा पडतो. चालवणार अण्णा, म्हणून अण्णांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मी शेजारी, मांडीवर लॅपटॉप. फोनवरून साधा सूर सोडला, तो हळूहळू चढवत नेला. "कुठे काही वेगळं वाटलं, आवाज कमी-जास्त झाला, की हात वर करा."

५० हर्ट्‌झला डिकीची नंबरप्लेट वाजली. हात वर. २००, ५००, १,०००. सगळं छान. २,०००च्या पुढे अण्णा जरा पुढे झुकले. ३,०००च्या आसपास हात वर.

"बंद पडलं बघ."

बंद पडलं नव्हतं. सूर सुईसारखा माझ्या कानात जात होता. मी फोनकडे बघितलं. ३,२००. ३,६००. ४,०००. मी थोडा आवाज वाढवला. अण्णा काचेतून पुढे बघत स्वस्थ बसले होते, सूर लागायची वाट बघत. पार्किंगमधून जाणारा शेजाऱ्यांचा मुलगा कानावर हात ठेवून आमच्याकडे बघत होता.

"तुझ्या नवीन स्पीकरात काहीतरी गडबड आहे," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, "हो. एखादं कनेक्शन ढिलं असेल."

हे खोटं मी का बोलले ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी फोन बंद केला. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "रिव्हर्स टाका. बीप येतोय का बघू." त्यांनी रिव्हर्स टाकला. मागे भिंत होती, बीप जोरजोरात वाजायला लागला.

"येतोय का?" मी विचारलं.

"बीप? तो मी मागेच बंद केला ना," अण्णा म्हणाले. "कितीतरी दिवस झाले."

तीन आठवडे मी जो वाचवत होते, तो हा बीप.

त्या रात्री मी एक मूर्खपणा करून बघितला. डीएसपीमध्ये ३,०००पासून ६,०००पर्यंत नऊ डेसिबल वाढवले आणि दुसऱ्या दिवशी पु. ल. लावून अण्णांना चक्कर मारायला नेलं. आई मागे होती. दोन मिनिटांत ती म्हणाली, "हे बंद कर, दात शिवशिवतात." अण्णाही एका क्षणी दचकले. प्रेक्षक हसले तिथे अण्णाही हसले. तेव्हा मला कळलं की ते गेली कित्येक वर्षं असंच हसत असतील. कॅसेटच्या जमान्यापासून त्यांना हे सगळं पाठ आहे. शब्द ऐकायची त्यांना गरजच नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ऑडिओलॉजिस्टकडे पाठवलं. काचेच्या खोलीत अण्णा हेडफोन लावून बसले, हातात बटण. ऐकू आलं की दाबायचं. बाहेर कागदावर आलेख उतरत गेला. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळ्या फुल्या. वरच्या बाजूला चांगलं ऐकू येणं, खाली जावं तसं वाईट. १,०००पर्यंत रेष बरी होती, मग दोन्ही कानांची ४,०००ला खोल खड्ड्यात गेली आणि ८,०००ला थोडी वर आली. मी आठवडाभर लॅपटॉपवर माझ्या स्पीकरांचे असेच आलेख बघत होते. समजावून सांगायची वेळच आली नाही.

त्या बाईंनी तरी अण्णांना समजावलं. स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते, अ, आ, ओ ऐकू येतात, म्हणून 'आवाज येतो'. स, श, फ, थ यांचं नुसतं वारं असतं, ते वरच्या पट्टीत, म्हणून 'शब्द येत नाहीत'. अण्णांनी घाटात अगदी अचूक सांगितलं होतं. मग बोलता बोलता त्यांनी तोंडासमोर कागद धरला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. अण्णा गोंधळले. "काका, तुम्ही ओठ वाचता," बाई म्हणाल्या. "तुमचं तुम्हालाही माहीत नसेल." घरात ओठ दिसतात, म्हणून निभतं. गाडी चालवताना नजर रस्त्यावर, ओठ दिसत नाहीत. म्हणून तक्रार गाडीत आली, आणि म्हणून ती टेपची झाली.

"मोठ्या आवाजात काम होतं का?" त्यांनी विचारलं. ४,०००चा तो खड्डा बघून त्यांना उत्तर माहीत असावं.

आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आपल्या नियमांत आहे. १९४८च्या फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा सरकारला कळवायचा रोग होता. हे मी घरी आल्यावर शोधलं. अण्णांना विचारलं, कंपनीत कधी कान तपासले का. ते म्हणाले, "ऑडिट असलं की बोळे द्यायचे. केशरी. ऑडिट झालं की परत ठेवून घ्यायचे." आणि हसले. अण्णांचे कंपनीतले मित्र घरी आले की सगळे ओरडून बोलतात. लहानपणी मला वाटायचं, ही गावाकडच्या माणसांची माया. आता मोजलं तर त्या ग्रुपमधल्या किती जणांच्या कागदावर हाच खड्डा निघेल? अण्णा म्हणतात, मोजू नकोस.

गेलेलं परत येत नाही. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उपाय श्रवणयंत्राचा. त्याच्या तांत्रिक माहितीचा कागद मी वाचला आणि चमकले. तोही डीएसपीच. आलेल्या आवाजाच्या पट्ट्या करायच्या, एकेका पट्टीला हवी तेवढी ताकद द्यायची. माझा नऊ डेसिबलचा उद्योग का फसला हेही तिथे कळलं. असा कान हळू आवाज ऐकत नाही, पण मोठा आवाज त्याला आपल्याइतकाच मोठा लागतो. मधली जागा आक्रसलेली असते. सरसकट वाढवून चालत नाही; हळू ते बरंच वाढवायचं, मोठं ते जवळपास तसंच सोडायचं. दोन्ही कानांची मिळून किंमत गाडीवर केलेल्या सगळ्या खर्चाच्या दुपटीहून जास्त होती.

अण्णा दोन महिने नाही म्हणाले. किंमत, मग दिसणं, मग 'मला येतं की ऐकू'. शेवटी मी म्हटलं, ट्रायलवर आणू, नाही आवडलं तर परत. त्यांनी विचारलं, "आणि आत्ता जे ऐकू येतंय ते?" मी म्हटलं, "ते जाणार नाही." मला खात्री होती, कारण ऑडिओलॉजिस्टना मी नेमका तोच प्रश्न तीनदा विचारला होता.

पहिल्या आठवड्यात त्यांना सगळ्याचा त्रास झाला. प्लॅस्टिकची पिशवी, भांडी, पेपरचं पान, स्वतःच्या चपला. घरी ते अजूनही यंत्रं घालत नाहीत. गाडीत घालतात. डबी ठेवतात ग्लव्ह बॉक्समध्ये, आरसी आणि पीयूसीच्या शेजारी, आणि उन्हात उभ्या गाडीत ती ठेवू नका यावरून आमचं दर रविवारी भांडण होतं.

गेल्या महिन्यात पुन्हा वाईला गेलो. घाटात पु. ल. चालू होते, आवाज पंधरावर. एका ठिकाणी अण्णा प्रेक्षकांच्या आधी हसले. मी काही बोलले नाही. मामाच्या अंगणात गाडी लावायला त्यांनी रिव्हर्स टाकला आणि लगेच ब्रेक दाबला.

"हे काय वाजतंय?"

"तोच बीप अण्णा."

"फारच कर्कश आहे गं. बंद नाही का करता येत?"

मी सेटिंग्जमध्ये शोधलं. बंद करायची सोय नाही, नुसत्या तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला. अण्णा पुन्हा मागे घ्यायला लागले. आई सवयीने खाली उतरून मागे उभी राहिली होती आणि हात हलवत 'या, या, अजून या' म्हणत होती.